सीबॅक फॉर्ममधल्या एका प्रश्नाबद्दल सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातील सर्व अधिकारी यांस,
सविनय नमस्कार.

तुमच्या विभागाच्या आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येक माणसाच्या दारी एक फॉर्म घेऊन जातात. गावात सगळे त्याला सीबॅक फॉर्म म्हणतात. वय किती, तंबाखू-दारू आहे का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे मोजके प्रश्न त्यात आहेत. त्यातलाच एक प्रश्न असा, की आठवड्यातून किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का? ‘नाही’ म्हटलं की एक गुण. सगळे गुण मिळून चारच्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं. मग आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी बघतात, बोटाला टोचून शुगर बघतात, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवतात आणि गोळ्या सुरू होतात.

हे काम पुष्कळ ठिकाणी मनापासून होतं, ते मी पाहिलं आहे. पण त्या १५० मिनिटांच्या प्रश्नाला मिळालेला एक गुण कागदावरच राहतो. शुगरसाठी गोळी आहे, तंबाखूसाठी समुपदेशन आहे, बाकीच्या तक्रारींना कुठे ना कुठे पाठवण्याची सोय आहे. हालचाल होत नाही असं सांगणाऱ्या माणसाला मात्र “रोज चालत जा” एवढंच सांगून परत पाठवलं जातं. किती चालायचं, किती वेगानं, गुडघे धरले असतील तर काय करायचं, इन्शुलिन घेणाऱ्यानं चालण्याआधी काय खायचं, हे सांगणारं माणूस त्या केंद्रात नाही. तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमकडे गरोदर मातांपासून लसीकरणापर्यंत इतकं काम आहे, की त्यांनी हेही करावं असं म्हणणं अन्यायाचं होईल.

मी शारीरिक शिक्षण व क्रीडाशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या प्रश्नाच्या पुढे जे करायला हवं, नेमकं तेच आम्हाला कॉलेजात शिकवतात. म्हणून हे पत्र आहे. आम्हाला त्या प्रश्नाच्या कामाला लावा, एवढीच माझी मागणी आहे. ती कशी शक्य आहे ते पुढे लिहिते.

आमच्या पदवीबद्दल लोकांची कल्पना साधारण अशी असते, की ही मुलं सकाळी पळतात, संध्याकाळी खेळतात आणि पुढे शाळेत शिट्टी वाजवतात. मैदान आहेच. लेझीम, मल्लखांब, ॲथलेटिक्स, कबड्डी हे सगळं आम्ही घाम गाळून शिकतो. पण वर्गात बसून शरीररचना, व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचं यांत्रिकी शास्त्र, आहार, मानसशास्त्र, चाचणी आणि मापन हेही शिकतो. नवीन माणसाला व्यायाम देण्याआधी त्याला कोणते प्रश्न विचारायचे, छातीत दुखतं का, चक्कर येते का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे आम्ही तोंडपाठ करतो. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो ते मोजायला शिकतो. हाताचा आधार न घेता तीस सेकंदांत तो खुर्चीतून किती वेळा उठू शकतो, त्यावरून पायांतली ताकद कळते. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, ही वेगाची साधी खूण कुठल्याही यंत्राशिवाय वापरता येते. १९८६ साली ओटावा इथे आरोग्य संवर्धनाची जी सनद झाली, ती आम्हाला परीक्षेला असते. माणसाला उपदेश करून भागत नाही, तो राहतो ती जागा, त्याचा गट, गावची व्यवस्था हे सगळं आरोग्याच्या बाजूचं करावं लागतं, हा तिचा गाभा आहे. हे सगळं उत्तरपत्रिकेत लिहिलं की आम्ही पास होतो. खऱ्या माणसांवर ते वापरण्याची जागा मात्र आम्हाला मिळत नाही.

आकडे तुम्हाला माहीत आहेतच, तरी लिहिते, कारण माझ्या मागणीचा पाया त्यांत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी मांडलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. २००० साली तेच एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं.

त्या १३.६ कोटी लोकांसाठी काय करता येतं, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे. चेन्नईत उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांवर एक अभ्यास झाला आणि २००६ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीसारखा सल्ला दिला, काहींना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिली, काहींना आहार आणि रोज किमान अर्धा तास चालणं याबद्दल नियमित मार्गदर्शन केलं. सुमारे अडीच-तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्याच्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. मार्गदर्शनाच्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. म्हणजे धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, आणि गोळीनं जेवढा उतरला त्याच्या तो बरोबरीचा होता. त्या गटाला नुसतं “चालत जा” सांगून सोडलं नव्हतं. कुणीतरी पुनःपुन्हा विचारत होतं, बघत होतं. माझा सगळा भर त्या ‘कुणीतरी’वर आहे.

व्यायामानं शुगर उतरते कशी, हे आम्हाला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झाले होते. रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत जायला एरवी इन्शुलिन लागतं. मधुमेहात तिथेच अडतं. पण स्नायू काम करू लागला, की साखर आत नेणारी ग्लुट-४ नावाची प्रथिनं इन्शुलिनची वाट न बघता पेशीच्या कडेला येतात आणि साखर आत घेतात. व्यायाम थांबल्यावरही कित्येक तास स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतो. म्हणून दोन दिवसांपेक्षा मोठा खंड पडू द्यायचा नाही. म्हणून मांड्या, पाठ असे मोठे स्नायू कामाला लावायचे. हे एखाद्या मावशीला तिच्या भाषेत समजावून सांगितलं तर ती चालणं सोडत नाही, कारण आपण काय करतोय हे तिला कळलेलं असतं.

आता एक आक्षेप, जो मी घरातच ऐकला आहे आणि तुमच्या कार्यालयांतही निघेल. खेड्यातली माणसं दिवसभर राबतात, त्यांना कसला व्यायाम शिकवता? मी विदर्भातली आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या कष्टाबद्दल मला कुणी सांगायला नको. पण वाकून वेचण्यात कंबर आणि मान तासन् तास एकाच स्थितीत अडकतात. मांड्यांची ताकद त्यानं वाढत नाही, कंबरदुखी वाढते. तिला गरज आहे ती पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना आधार देणाऱ्या दहा मिनिटांच्या व्यायामाची, आणि वेचताना स्थिती कशी बदलत राहायची हे दाखवणाऱ्या माणसाची. शिवाय हंगाम संपला की तीच बाई महिनोन् महिने घरात असते. पुरुषांचं म्हणाल, तर आता नांगरणी-पेरणी ट्रॅक्टरवर, शेतात जाणं गाडीवर, आणि संध्याकाळ पारावर किंवा मोबाइलवर जाते. पूर्वीचे कष्ट गृहीत धरून आजच्या शरीरांबद्दल बोलणं बरोबर नाही.

बायकांच्या ५७ टक्क्यांवर थोडं थांबते. “चाला” हा सल्ला बाईपर्यंत पोचतो तेव्हा तिच्यापुढे पहिला प्रश्न असतो, कुठे? गावाबाहेरच्या रस्त्याला दिवे नाहीत. सकाळी पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा. संध्याकाळी एकटी चालायला निघाली तर चार जण विचारतात, “कुठे निघालीस?” आणि ती उत्तर देऊन देऊन कंटाळते. बाई एकटी चालणार नाही. बचत गटातल्या दहा बायका बैठकीआधी अर्धा तास समाजमंदिरात व्यायाम करतील, त्यांच्यासोबत एक मुलगी उभी असेल, तर करतील. भजनी मंडळाच्या बायका करतील. अंगणवाडीच्या आवारात करतील. हे आमच्या अभ्यासक्रमातलं ज्ञान आणि तुमच्या विभागाची गावागावांतली ओळख एकत्र आल्याशिवाय होणार नाही. मुलींसाठी आमच्या वर्गात जागा आहेत आणि मुली येतातही. पदवीनंतर त्यांना कुठे पाठवायचं हे कुणी ठरवलेलं नाही.

सध्या आम्ही जातो कुठे, तेही सांगायला हवं. पूर्वी या शिक्षणाचा रस्ता शाळेकडे जायचा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला शंभरहून जास्त मुलं असतील तरच शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. छोट्या शाळांतली मुलं त्यातून सुटलीच, आणि पूर्णवेळ जागांसाठी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाची पदवी) करूनही वर्षानुवर्षं थांबलेले आमचे सीनियर मी बघते. मग उरते जिम. शहरातली जिम वाईट नसते. तिथे उत्तम काम करणारे ट्रेनर मला माहीत आहेत आणि मी त्यांच्याकडून शिकले. पण मी जिथे उमेदवारी केली तिथे पगार नावापुरता होता आणि खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगची पॅकेजेस आणि प्रोटीन पावडरचे डबे विकण्यावर होती. साठीचे एक काका आले, बीपीची गोळी चालू होती. त्यांना श्वास रोखून वजन उचलायला लावणं धोक्याचं आहे, हे आम्हाला शिकवलेलं असतं. मी ते सांगितलं. मला सांगण्यात आलं, की मेंबरला घाबरवू नकोस. तीन वर्षं शिकून मिळवलेली समज काउंटरवर विक्रीच्या आड येते, तेव्हा ती शिकवणाऱ्या आमच्या सरांबद्दल मला फार वाईट वाटतं.

आणि जे काका जिमपर्यंत येऊ शकतात, त्यांच्याकडे फी भरायला पैसे आहेत. सीबॅक फॉर्मवर गुण मिळालेल्या माणसाकडे ते नाहीत. ज्याला गरज सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत शिकलेला हात पोचत नाही.

सरकार खर्च करत नाही असंही नाही. व्यायामशाळा विकासासाठी अनुदान मिळतं. गावोगावी, बागेबागेत ओपन जिम बसवल्या जातात. लोखंडी साहित्य येतं, उद्घाटन होतं, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच्या बेअरिंग गंजतात. मुलं त्याच्यावर झोके घेतात. त्या साहित्याजवळ आठवड्यातून चार वेळा उभं राहणारं माणूस नेमलं असतं, तर तेच लोखंड कामाला आलं असतं. माणसावरचा खर्च टाळून वस्तूवर खर्च करण्याची ही सवय मला पटत नाही.

शरीरशिक्षण आणि शास्त्र यांना एकत्र आणण्याचं काम आपल्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेलं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. त्याच्या पथकानं १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ काढलं ते १९२४ साली. त्याच वर्षी लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनं-क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे क्ष-किरणांनी, दाब मोजून तपासायला घेतलं. अशा राज्यात व्यायामाचं शिक्षण घेतलेल्या मुलांना सरकारी आरोग्यव्यवस्थेत एकही दार उघडं नसावं, ही गोष्ट बदलता येण्यासारखी आहे.

योग प्रशिक्षक आहेत ना, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्यांची सत्रं चालू राहावीत. त्यांना सत्रागणिक मानधन देण्याची पद्धतही तुमच्याकडे आहे, म्हणजे अशी नेमणूक प्रशासनाला नवीन नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीच्या व्यायामाची आहे. वय वाढलेल्यांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायामही त्यात आहेत. हे सगळं आसनांतून पूर्ण होत नाही. फिजिओथेरपिस्टांचं क्षेत्र वेगळं आहे आणि आम्हाला त्यात शिरायचं नाही. दुखापत, लकवा, शस्त्रक्रियेनंतरचं पुनर्वसन हे त्यांचं काम. जिल्हा रुग्णालयात ते असतात, तिथेही त्यांच्यापुढे रांग असते. आम्ही निदान करणार नाही, गोळी बदला असं कधी म्हणणार नाही. छातीत दुखलं, धाप लागली, वरचा बीपी १८० च्या घरात दिसला, पायाला बधिरपणा किंवा जखम आढळली, की व्यायाम थांबवून त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवायचं, ही आमची हद्द लेखी ठरवून द्या. आम्हाला ती हवीच आहे. ऑस्ट्रेलियात व्यायामशास्त्राच्या मान्यताप्राप्त पदवीधरांकडे दीर्घ आजाराच्या रुग्णांना पाठवण्याची सोय २००६ पासून सरकारी आरोग्य योजनेत आहे. तिथे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या शेजारी हे तिसरं माणूस काम करतं.

आता मागणी. सुरुवातीला नवी पदं मागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदवीच्या विद्यार्थ्यांना ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, करावं लागतं. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. आमच्यातले बहुतेक जण हे तास जिममध्ये किंवा एखाद्या क्लबात भरून काढतात. तुमच्या विभागानं विद्यापीठांशी करार करून हे १२० तास प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात करण्याची परवानगी द्यावी. वैद्यकीय अधिकाऱ्यांची देखरेख, आमच्या कॉलेजच्या एका प्राध्यापकाची जबाबदारी, आणि आशाताईंनी निवडून दिलेली माणसं, ज्यांना त्या प्रश्नावर गुण मिळाला आहे. पहिल्या आठवड्यात मोजमाप, नंतर ठरलेल्या दिवशी गटानं व्यायाम, घरी करायचं ते कागदावर चित्रांसह. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारणं हेही त्या तासांत धरावं, कारण लोक व्यायाम सोडतात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हाच कुणीतरी दारात यायला हवं असतं.

हे आधी दोन-तीन तालुक्यांत करून बघा. एक तालुका कोरडवाहू शेतीचा, एक उसाच्या पट्ट्यातला, एक मोठ्या शहराला चिकटलेला. शक्य तर एखादा आदिवासी तालुकाही घ्या. पण तिथला प्रश्न लठ्ठपणाचा कमी आणि कुपोषणाचा जास्त असेल, तिथे वेगळा विचार लागेल आणि तो तिथल्या लोकांना विचारूनच व्हावा. वर्षाअखेर कमरेचा घेर, बीपी, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर यांचे आकडे बघा. शेवटपर्यंत किती जण टिकले तेही बघा. उपयोग झाला नाही असं दिसलं तर बंद करा. झाला, तर त्या आरोग्य मंदिरांत सत्रागणिक मानधनावर पदवीधर नेमा, निम्म्या तरी मुली असू द्या, आणि त्या केंद्राच्या जन आरोग्य समितीत गावकऱ्यांपुढे त्याचा हिशेब मांडायला लावा.

आमच्या विद्यापीठांकडेही एक काम आहे आणि ते मी त्यांना वेगळं लिहिणार आहे. पदवीत खेळाडूच्या शरीराबद्दल जेवढं शिकवतात, तेवढं साठीतल्या मधुमेही बाईच्या शरीराबद्दल शिकवत नाहीत. तुम्ही दार उघडलं तर अभ्यास मंडळांना तो भाग वाढवावाच लागेल. पायाची संवेदना तपासणं, इन्शुलिन घेणाऱ्यानं व्यायामाच्या वेळी खिशात साखर ठेवणं, गुडघेदुखीत मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणं, पडण्याची भीती असलेल्या म्हाताऱ्या माणसाला भिंतीचा आधार देऊन तोलाचे व्यायाम देणं, या गोष्टी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत यायला हव्यात. वर्गमित्रावर केलेलं प्रात्यक्षिक त्यासाठी पुरत नाही. आमचे सगळे वर्गमित्र विशीतले आणि धडधाकट आहेत.

ऑन जॉब ट्रेनिंगच्या जागांची यादी कॉलेजं सत्र सुरू होताना ठरवतात. येत्या सत्राच्या आधी तुमच्या विभागाचं एक परिपत्रक निघालं, तर आरोग्य मंदिरांची नावं त्या यादीत येऊ शकतात. माझं हे शेवटचं वर्ष आहे, मला ते मिळणार नाही. माझ्या मागच्या वर्गातल्या मुलामुलींना मिळावं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी बोलावलं तर अभ्यासक्रमाची प्रत, चाचण्यांचे नमुने आणि पहिल्या बारा आठवड्यांचा व्यायामाचा कच्चा आराखडा घेऊन आम्ही काही विद्यार्थी आमच्या प्राध्यापकांसह यायला तयार आहोत.

आपली नम्र,
शारीरिक शिक्षण व क्रीडाशास्त्र पदवीच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी,
अमरावती विभाग